फळीपलीकडचे हात

६ नोव्हेंबर

ढमे,

तुझं कार्ड मिळालं. चार वर्षांनी बापाला कार्ड पाठवलंस आणि त्यावर जेमतेम पाच ओळी, त्याही पोलिसांत तक्रार दिल्यासारख्या. तरी मी ते खिशात घालून फिरतो. काल शर्ट धुवायला टाकला आणि अर्ध्या वाटेतून परत येऊन ते बाहेर काढलं. असो.

तुझी अट कळली. हा एक हिवाळा बेघरांच्या निवाऱ्यात जेवण वाढायचं. तिथली माणसं शिव्या देतील, थुंकतील, अंगावर येतील, तरी कुणावर हात उचलायचा नाही. उचलला तर तुला खरं कळवायचं. हिवाळा नीट पार पडला तर तू तिकीट पाठवणार आणि मी येऊन पिंटुकलीला भेटणार. सरळ आहे. आईचीच लेक शोभतेस. तीही मला अशीच कामाला जुंपायची, पण ती निदान वर चहा तरी द्यायची.

शिवाय पहिल्या पत्रात त्या दिवशी मी काय केलं ते स्वतःच्या हातानं लिहायचं, पळवाट न काढता. बरं, लिहितो.

आदल्या दिवशी तू सुजलेला डोळा आणि लेक घेऊन माझ्याकडे आली होतीस. दुसऱ्या दिवशी जावई दुकानात आला. म्हणाला, माझी बायको द्या. मी मांस तोडत होतो. मी डाव्या हातानं त्याचं उजवं मनगट धरलं, पंजा ठोकळ्यावर दाबला आणि सत्तुराच्या पाठीनं मारलं. एकदा नाही, तीनदा. पाठीनं मारलं, धारेनं नाही. ही पळवाट झाली का? झाली तर झाली, खोडत नाही. मधली तिन्ही बोटं मोडली. पिंटुकली आतल्या दारात उभी होती, हे मला शेवटी दिसलं. तीन वर्षांची होती. पुढे कित्येक महिने ती बोललीच नाही, हे मला तुझ्या मावशीकडून कळलं. त्याच आठवड्यात तू त्यालाही सोडलंस आणि मलाही. निघताना म्हणालीस, "बाबा, तुमच्यात आणि त्याच्यात फरक एवढाच की तुमच्याकडे सत्तूर आहे."

मी ते विसरलेलो नाही. मला ते पटलेलंही नाही. पण पिंटुकलीला बघायचंय, त्यामुळे उद्यापासून जातोय.

बाबा


२३ नोव्हेंबर

ढमे,

तू उत्तर देणार नाहीस हे ठाऊक आहे, तरी पोस्टमनला रोज विचारतो. तो आता मला लांबूनच हात हलवून नाही म्हणतो.

निवारा म्हणजे बस दुरुस्तीची जुनी शेड. एका बाजूला लोखंडी खाटा, दुसऱ्या बाजूला लांब टेबलं, मध्ये एक शेगडी आणि त्या शेगडीजवळच्या जागेसाठी रोज मारामारी. चालवणारी बाई म्हणजे निवृत्त नर्स, सगळे तिला सिस्टर म्हणतात. काठीसारखी बारीक, पण तिनं नुसतं "काय चाललंय" म्हटलं तरी माझ्यासारख्याची मान खाली जाते. स्वयंपाक करणारा आचारी दिवसभर कुणालातरी शिव्या घालत असतो, बहुतेक वेळा पातेल्याला. मी वाढतो. संध्याकाळी सूप, भात आणि पाव.

वाढायची इथली रीत मात्र मी दुसरीकडे पाहिली नाही. स्वयंपाकघर आणि शेड यांच्या मधल्या भिंतीत खिडकी आहे, आणि सिस्टरनं तिच्या वरच्या भागावर फळ्या ठोकून घेतल्यात. खाली थाळी ठेवायची एक आडवी फळी आणि तिच्यावर वीतभर उंचीची फट तेवढी राहिली आहे. त्या फटीतून रिकामी थाळी आत येते आणि भरून बाहेर जाते. मला फक्त हात दिसतात, मनगटापर्यंत. त्यांनाही माझे हातच दिसतात. सिस्टर म्हणाली, "जेवायला कुणाला तोंड दाखवावं लागू नये. आणि वाढणाऱ्यानं कुणी उपकार मानतंय का ते बघत बसू नये." खिडकीशी बोलायचं नाही. कुणाला आणखी पाव हवा असेल तर तो फळीवर बोटानं दोनदा टकटक करतो.

सुरुवातीला मला हसू आलं. मग लक्षात आलं की हे काम माझ्यासाठीच केलेलं आहे. जन्मभर मी सांधे आणि हाडं बघितली. नुसता हात बघून मी सांगतो, हा गवंडी होता, हिनं धुणी धुतली, ह्याला पोलिसांनी बोटांवर काठी मारली आहे. असे मोडलेले हात इथे किती येतात म्हणून सांगू. मी आचाऱ्याला सांगत असतो, तो म्हणतो, तुम्ही ज्योतिषी व्हायला हवं होतं.

आता मुद्द्याचं. परवा जेवणानंतर मी टेबलं पुसत होतो. एका दारुड्याला वाटलं मी त्याची थाळी चोरतोय. त्यानं ती भिरकावली, कड माझ्या कपाळावर बसली. रक्त डोळ्यात उतरलं, काही दिसेना. तो पुढे येऊन माझ्या छातीवर थुंकला आणि आईवरून काय काय बोलला. मी त्याच्या दुप्पट आहे, ढमे. त्याची मान माझ्या एका मुठीत मावली असती. मी टेबलाची कड धरून उभा राहिलो. ती सोडली तेव्हा माझ्या तळव्यात लाकडाची कुसळं घुसली होती. सिस्टरनं आधी कपाळाला टाके घातले आणि मग चिमट्यानं ती काढली.

मी हात उचलला नाही. एवढं पिंटुकलीच्या कानावर घाल.

बाबा


१४ डिसेंबर

ढमे,

थंडी आता हाडात शिरली आहे आणि माणसं चावायला लागली आहेत. हे अलंकारिक लिहीत नाही. एकानं दुसऱ्याच्या कानाचा तुकडा तोडला, एका कांबळ्यावरून. तो तुकडा थुंकला खिडकीच्या फळीवर, अगदी माझ्या ओगराळ्याशेजारी. मी आयुष्यभर मांस विकलं, तरी तो उचलायला मी फडकं घेतलं. आचारी बाहेर जाऊन ओकून आला आणि मग पातेल्याला नव्या शिव्या दिल्या.

सिस्टरचा नियम आहे, खिडकीपाशी रक्त सांडलं की खिडकी तीन दिवस बंद. तिनं ती बंद केली. कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. म्हातारी माणसं दारावर डोकं आपटत होती. एक बाई तिच्या पाया पडली. ती खाली बसून त्या बाईबरोबर रडली, पण किल्ली काढली नाही. मी म्हणालो, दोघांची शिक्षा सगळ्यांना कशाला? ती म्हणाली, की एकदा तिनं नियम मोडला होता आणि पुढच्याच आठवड्यात एका माणसाचा त्या खिडकीत गळा कापला गेला.

पण खरा निकाल रांगेनंच लावला. तिसऱ्या दिवशी उपाशी माणसांनी त्या दोघांना शेडमागे नेलं. कान तोडणारा आणि कान गेलेला, दोघांनाही. ज्याचा कान गेला त्याचा काय गुन्हा, असं मी विचारलं, तर एक म्हातारा म्हणाला, "त्यानं बोंब मारली म्हणून सिस्टर आली ना." त्यांना विटांनी मारलं. त्यातला एक परत दिसला नाही.

खरं सांगू, मला ते आवडलं. आता रांग चिडीचूप असते. कुणी कुणाला कोपर मारलं, कुणाचं नाक फुटलं, तरी जो तो बाहीनं पुसतो आणि पुढे सरकतो. खिडकीपाशी काहीच घडलेलं नसतं. मी सिस्टरला म्हणालो, बघा, शिस्त आली. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी भाताच्या पातेल्याकडे वळलो.

तू आता म्हणशील, बाबा ते बाबाच. असू दे. मी कुणाला बोट लावलेलं नाही. पिंटुकलीच्या पायाचं माप कळव. इथे एकाकडे लोकरीचे मोजे मिळतात.

बाबा


५ जानेवारी

ढमे,

मोज्यांचं माप तू कळवलं नाहीस. मी अंदाजानं घेतले. मोठे झाले तर पुढच्या वर्षी घालेल.

इकडे सगळं ठीक. कपाळाचे टाके कधीच निघाले. गेल्या आठवड्यात एकानं आचाऱ्यावर सुरी काढली, आचाऱ्यानं झाकण ढालीसारखं धरलं, आणि नंतर दिवसभर ते झाकण सगळ्यांना दाखवत फिरला. मी मध्ये पडलो नाही. मी शिकतोय.

एक विचारायचं होतं. सहजच. तो, जावई, हल्ली कुठे असतो, काही कळतं का? मी तुला त्याच्याबद्दल एक शब्द बोलणार नाही असं ठरलंय, आणि हा तो शब्द नव्हे. तुम्ही कुठे राहता हे त्याला माहीत नाही ना? तुझ्या मावशीनं कुणाला सांगितलेलं नाही ना? तिच्या पोटात काही राहत नाही, हे तुलाही ठाऊक आहे.

खिडकीशी काही दिवसांपासून एक नवा हात येतो. उजवा. रुंद पंजा, मधली तिन्ही बोटं दुसऱ्या पेरापासून वाकडी, आणि ती जुळताना एकमेकांवर चढलेली. धारेनं तुटलेलं हाड असं जुळत नाही. सपाट, जड वस्तू वरून आली तरच असं होतं. मी जास्त लिहीत नाही. सुतार आपण केलेली खुर्ची कुठेही ओळखतो, एवढंच.

तो वाकडी बोटं फळीवर टेकवतो आणि दोनदा टकटक करतो. मी पाव देतो. रोज देतो. परवा त्यानं दोन पाव खाल्ल्यावर पुन्हा टकटक केली. मी तिसराही दिला. माझ्या हाताकडे बघ, कसा स्थिर आहे, असं मी मनात तुला म्हणत होतो.

त्याला माझं तोंड दिसत नाही. मी इथे असतो हे त्याला माहीत असेल का? या गावात त्याचं काय काम? माझ्या खोलीचं दार मी आता आतून खुर्ची लावून बंद करतो, कारण तुझं कार्ड घरात आहे आणि त्यावर तुझ्या पोस्टाचा शिक्का आहे.

उत्तर दे. या एका पत्राला दे.

बाबा


१७ जानेवारी

ढमे,

काळजीचं काही नाही, पण तुला खरं कळवायचं ठरलंय म्हणून लिहितो. काल खिडकीशी छोटा अपघात झाला. वाढताना ओगराळं निसटलं आणि उकळतं सूप एका माणसाच्या हातावर सांडलं. वाफेनं हात ओला होतो, दांडा घसरतो, आचाऱ्याच्या हातूनही झालंय पूर्वी. त्या माणसाचा हात बराच भाजला. सिस्टरनं लगेच पट्टी केली. मी स्वतः मलम आणून त्याला लावतो आहे.

मागच्या पत्रात मी एका हाताबद्दल लिहिलं होतं, ते सोडून दे. म्हातारपणी माणसाला काहीबाही वाटतं. त्या प्रश्नाचं उत्तरही नको.

हात उचलला नाही, हे कायम आहे.

बाबा


३० जानेवारी

ढमे,

हवा जरा उबदार झाली. छपरावरून पाणी ठिबकतंय. शेडमध्ये सगळं शांत आहे. भाजलेल्या माणसाची तक्रार नाही. सिस्टरनं त्याला सगळ्यांसमोर विचारलं, तो म्हणाला, सांडलं. खिडकी बंद झाली नाही, एकही जेवण चुकलं नाही. सगळे माझ्याशी चांगलं वागतात. एका म्हाताऱ्यानं परवा फटीतून माझ्या बोटांवर थोपटलं.

झोप जरा कमी झाली आहे. वयाचं असेल. हिवाळा संपत आला, ढमे. मी मोजे इस्त्री करून ठेवलेत. मोज्यांना इस्त्री करत नाहीत हे मला माहीत आहे.

बाबा


२४ फेब्रुवारी

ढमे,

तुझं पत्र आणि तिकीट मिळालं. पोस्टमन दारात उभा राहिला आणि मी फोडेपर्यंत हलला नाही.

तू लिहिलंस, "सूप सांडल्याचं तुम्ही न विचारता कळवलंत आणि त्या माणसाला स्वतः मलम लावताय, हे वाचून मी पहिल्यांदा रडले. या बाबा. पिंटुकलीला सांगितलंय. ती विचारते, रस्ता ओलांडताना आजोबा हात धरतात का." आणि खाली बारीक अक्षरात, "तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, तो मागच्या उन्हाळ्यात वारला. दारूनं."

तिकीट या पाकिटात परत पाठवतोय. आता काय झालं ते लिहितो. यात पळवाट दिसली तर तूच खोड.

सूप सांडलं नाही. तो हात फटीतून आत आला, थाळी ठेवली, टकटक केली. मी पाव दिला. त्यानं पुन्हा टकटक केली, वाकड्या बोटांनी, जरा जोरात, आपल्या घरचं असल्यासारखी. माझ्या डोक्यात आलं की हा माझ्याकडे पाव मागतोय आणि उद्या तुझा पत्ता मागेल. मी डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं, पंजा फळीवर दाबला आणि ओगराळं त्याच्यावर ओतलं. पातेलं चुलीवरच होतं, सूप खदखदत होतं. तो ओढत होता, मी सोडलं नाही. मी दुसरं ओगराळं भरलं आणि तेही ओतलं. कातडी माझ्या डोळ्यांसमोर सैल झाली. आचारी पाठमोरा होता.

मग तो ओरडला. त्याआधी त्याच्या तोंडून आवाजच फुटला नव्हता. ढमे, तो आवाज जावयाचा नव्हता. जावई माझ्या ठोकळ्यावर ओरडला होता तो आवाज माझ्या कानात पक्का आहे, आणि हा त्याचा नव्हता. मी मनगट सोडलं. फळीवर सूप होतं आणि त्यात पाव फुगत होता.

पुढचं सांगायला जास्त जड जातंय. तो माणूस बोंब मारणार होता. "धरून ठेवलं, धरून ठेवलं" असं दोनदा म्हणालाही. फळीपलीकडे धडपड झाली आणि कुणीतरी त्याच्या तोंडात फडकं कोंबलं. मला फटीतून त्याची कंबर आणि दुसऱ्यांचे गुडघे दिसले. गुडघे त्याच्या पोटात बसत होते. खिडकी बंद होऊ नये म्हणून. तीच शिस्त, जी मला आवडली होती. त्यांनी त्याला खाली पाडलं, भाजलेल्या हातावर कुणाचा तरी पाय पडला, आणि सिस्टर धावत आली तेव्हा रांग सरळ उभी होती. सगळे म्हणाले, सांडलं. शेवटी तोही म्हणाला, सांडलं. मीही म्हणालो. मग माझ्यापुढे पुढची थाळी आली आणि मी ती भरली.

म्हाताऱ्यानं माझ्या बोटांवर थोपटलं होतं ना, ते यासाठी. मी त्यांच्यातला झालो होतो.

मलमही मी लावलं नाही. विकत आणलं आणि आचाऱ्याच्या हाती पाठवलं. माझ्यात त्याचं तोंड बघायची हिंमत नव्हती.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी सिस्टरला सगळं सांगितलं. ती भांडी मोजत होती, थांबली. मला वाटलं हाकलेल, पोलिसांना बोलावेल. तिनं आधी जाऊन खिडकीला कुलूप घातलं. मग त्या माणसाला विचारलं, पोलिसांकडे जायचं का? तो म्हणाला, ते आधी मला विचारतील की मी झोपतो कुठे. तो नाही म्हणाला.

खिडकी बंद झाल्याचं कारण दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळलं. मी घरी निघालो तेव्हा रांगेतल्यांनी मला शेडमागे गाठलं. पाच-सहा जण असतील, त्यात तो थोपटणारा म्हाताराही. वीट खांद्यावर बसली, नंतर पाठीत लाथा. दोन बरगड्या गेल्या आणि पुढचा एक दात. त्या वेळी मी हात उचलला नाही, असं लिहायचा मोह होतोय. पण खरं म्हणजे दोन्ही हात डोकं वाचवण्यात गुंतले होते. हे माझ्या बाजूला धरू नकोस.

चौथ्या दिवशी खिडकी उघडली. मी छाती बांधून गेलो. सिस्टर म्हणाली, "खिडकीमागे नाही. आता समोर बसायचं." त्या माणसाच्या उजव्या हाताला पट्टी आहे, आणि डाव्याचं मनगट सूप ओतलं त्याच दिवशी रांगेच्या पायाखाली मुरगळलं. त्याला अजून चमचा धरता येत नाही, इतके दिवस सिस्टरच भरवत होती. त्याला मी भरवायचं, पट्टी सुटेपर्यंत, सगळ्यांच्या देखत. हे सिस्टरनं ठरवलं, पण आधी त्याला विचारून. तो म्हणाला, जेवण गरम असेल तर कुणीही भरवा.

त्याला सगळे हमाल म्हणतात. माझ्याहून लहान आहे, एक डोळा अधू, दाढी मधोमध पांढरी. ट्रकचा मागचा फाळका त्याच्या बोटांवर पडला होता, अकरा-बारा वर्षं झाली. सपाट, जड वस्तू, वरून. मी हाड बरोबर ओळखलं होतं आणि माणूस चुकलो.

मी समोर थाळी घेऊन बसलो आणि म्हणालो, "ते सांडलं नव्हतं. मी ओतलं."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "सांडणारा मनगट धरत नाही. कोण समजलास मला?"

"जावई."

त्याला जरा हसू आलं. म्हणाला, जावयाचा बराच मान ठेवतोस. मग माझ्याकडे नीट बघत विचारलं, "आणि मी तोच असतो, तर?"

मी चमच्यानं सूप ढवळत राहिलो. ढमे, मी उत्तर शोधत होतो आणि मला एकच उत्तर सापडत होतं. तो असता तर मी तिसरं ओगराळंही ओतलं असतं, आणि तुला लिहिलं असतं की सांडलं, आणि शांत झोपलो असतो. तुझ्या निघतानाच्या वाक्याशी मी चार वर्षं भांडतोय. त्या थाळीसमोर ते भांडण संपलं. तू म्हणालीस ते खरं होतं. सत्तूर तर मी कधीच विकला, आणि तरी फरक पडला नाही.

हमालानं उत्तराची वाट पाहिली. ते आलं नाही, तेव्हा त्यानं त्या मुरगळलेल्या डाव्या हातानं माझ्या तोंडात ठेवून दिली. मुरगळलेला असूनही चांगली बसली. पडलेल्या दाताच्या जागेतून पुन्हा रक्त आलं. शेडमधल्या सगळ्यांनी आधी सिस्टरकडे पाहिलं, कारण रक्त म्हणजे रक्त. ती म्हणाली, "खिडकीपासून लांब आहे," आणि पाठ फिरवली.

तो कळवळत हात मांडीवर घेऊन बसला. माझे हात थाळीखाली होते. ते वर येतील की काय, याची मला भीती वाटत होती. हे पूर्वी कधी वाटलं नव्हतं. मग त्यानं तोंड उघडलं आणि मी चमचा भरून, फुंकर मारून, त्याच्या तोंडात घातला. तो म्हणाला, मीठ कमी आहे.

आता रोज भरवतो. तो फार बोलत नाही. सूप गरम असलं की त्याचे खांदे आक्रसतात, म्हणून मी थाळी आधी थोडी निवू देतो. पाव हवा असला की टेबलावर कोपरानं दोनदा ठोकतो. सिस्टर म्हणते, बोटं पूर्वीइतकीही चालणार नाहीत. पट्टी सुटली तरी मी येत राहणार आहे. अटीसाठी नाही, अट मी मोडली.

तिकीट परत करायची मुदत आहे, ते आधी बघ. मोजे मात्र पाठवतोय, ते मी अट मोडण्याआधी घेतलेले आहेत.

पिंटुकलीला खोटं सांगू नकोस. ती विचारते ना, रस्ता ओलांडताना आजोबा हात धरतात का. तिला म्हणावं, आजोबांना हात आहेत, चांगले मोठे आहेत, पण अजून कुणी धरावेत असे झालेले नाहीत.

बाबा